आवाज स्पष्ट करणे हीसुद्धा सेवाच आहे



‘भाव महत्त्वाचा. आवाज जरा कमीजास्त झाला तर काय बिघडले?’ घरी बसून शास्त्रपाठ, जपमाळ किंवा चिंतन रेकॉर्ड करणाऱ्या मंडळींत हे वाक्य हमखास ऐकू येते. बेळगावातल्या आमच्या धर्मग्रामातही ते पुष्कळदा बोलले जाते. वाक्य नम्र आहे, पण आम्हाला ते पटत नाही. वाचणाऱ्याचा भाव देवाला कळतो, त्यासाठी देवाला फोनची गरज नाही. रेकॉर्डिंग आपण देवासाठी करत नाही. ते पलीकडच्या घरात खाटेवर पडलेल्या माणसासाठी करतो, आणि त्या माणसाला शब्द कळले नाहीत तर आपला भाव त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

आपले रेकॉर्डिंग ऐकते कोण, हे आधी पाहू. धडधाकट माणूस रविवारी मिस्सेला येतो. त्याने फोनवरचे वाचन ऐकले नाही तरी फारसे बिघडत नाही. पण ज्यांचे गुडघे गेले आहेत, ज्यांना अर्धांगवायू झाला आहे, ज्या सुनेला सासऱ्यांना सोडून घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातले शुभवर्तमान म्हणजे फोनमधून येणारी ती सात-आठ मिनिटेच असतात. आणि यांतले बहुतेक जण वयस्कर आहेत. इथेच आवाजाचा प्रश्न सुरू होतो.

वय झाले की कान सगळे आवाज सारखे कमी करत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले, म्हणजे बारीक, धारदार आवाज जातात. आपल्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि आवाजाचा जोर बहुतांशी त्यांच्यात असतो. स, श, त, क, फ यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती मात्र मुख्यतः २००० हर्ट्झच्या वरच्या, बारीक भागामुळे. म्हणून आपल्या घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, ‘आवाज येतो रे, पण काय बोलतोस ते कळत नाही.’ ती अगदी अचूक सांगत असतात. त्यांना स्वर ऐकू येतो, व्यंजन निसटते. पाप, ताप, शाप आणि साप हे चार शब्द म्हणून पाहा. चारही शब्दांत फक्त पहिले व्यंजन बदलते. ते निसटले तर चौघांत काही फरक उरत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय अशा कानांनी ऐकला तर काय हाती लागेल, याचा विचार करावा.

आमच्या सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे. आमच्याकडे कितीतरी घरांत कन्नड किंवा कोंकणी बोलतात, बाजारात सगळ्याच भाषा चालतात आणि प्रार्थना मराठीत होते. जी भाषा आपली आईकडून आलेली असते, तिच्यातला एखादा शब्द निसटला तरी मन तो भरून काढते. दुसऱ्या भाषेत तसे होत नाही. खानापूरकडच्या एखाद्या कन्नडभाषक आजोबांना अस्पष्ट मराठी ऐकवणे म्हणजे त्यांच्यापुढे अर्धे पान फाटलेले पुस्तक ठेवणे.

पवित्र शास्त्र या बाबतीत उदासीन नाही. नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढून वाचा. पाणीवेशीसमोरच्या चौकात सगळे लोक जमले, एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले. त्यासाठी मुद्दाम लाकडी मंच बांधला होता, म्हणजे तो लोकांना दिसावा आणि त्याचा आवाज सर्वांवरून जावा. वाचन स्पष्ट होते आणि लोकांना अर्थ कळेल याची काळजी लेव्यांनी घेतली, हे शास्त्र आवर्जून नोंदवते. लोक रडले ते समजल्यानंतर. प्रभू येशूनेही गर्दी वाढली तेव्हा होडीत बसून, किनाऱ्यापासून थोडे आत जाऊन शिकवले. पाण्यावरून आवाज लांब जातो हे त्या सरोवराच्या कोळ्यांना कोणी सांगायला नको होते. आणि संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात रणशिंगाचे उदाहरण दिले आहे. शिंगाचा नाद ओळखू आला नाही तर लढाईला कोण तयार होणार, असा त्याचा सवाल आहे. मंडळीत बोललेले कळलेच पाहिजे, हा त्याचा आग्रह आहे.

आपल्या मराठी परंपरेतही श्रोत्याचा विचार आधी झालेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण गोव्यात राशोल येथे १६१६ साली छापले गेले. त्यांनी ते ओवीत रचले, कारण इथल्या लोकांचा कान ओवीला सरावलेला होता. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही ते ऐकून कळावे, हा त्यामागचा विचार होता. चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी धर्मगुरूने इथल्या कानांसाठी एवढे कष्ट घेतले. आपण निदान पंखा बंद करावा.

हे आम्ही का लिहीत आहोत, तेही सांगतो. मागच्या आगमनकाळाआधी आमच्या बैठकीत एक विषय निघाला. शुक्रवारचे चिंतन आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका वाचतात. वय सत्तरीच्या पुढे, सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात. दोन-तीन घरांतून निरोप आला होता की बाईंचे वाचन कळत नाही. मग सूचना आली की बाईंना आता विश्रांती द्यावी आणि एखाद्या तरुण मुलीला वाचायला सांगावे. कोणी म्हणाले, हल्ली संगणकही मराठी वाचतो, त्याच्याकडूनच वाचून घेऊ. सूचना करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. बाईंच्या कानावर हे गेले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘माझा आवाज गेला असेल तर मी थांबते.’

आमच्यातले दोघे त्यांच्या घरी गेले. बाई पुढच्या खोलीत रेकॉर्ड करत असत. खाली फरशी, चारी भिंती मोकळ्या, वर पंखा, पलीकडे स्वयंपाकघरात फ्रिज, आणि घर तिसऱ्या रेल्वे गेटपासून फार लांब नाही. फोन टेबलावर, पुस्तकाच्या पलीकडे, तोंडापासून दोन हातांवर. त्यांना बाजूच्या झोपायच्या खोलीत नेले, कपड्यांचे कपाट उघडून त्याच्या समोर बसवले, पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टाकली, फोन पुस्तकांच्या चळतीवर तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवला. पंखा आणि फ्रिज बंद केला. त्याच बाई, तोच फोन, तोच उतारा. ज्या घरांतून निरोप आले होते तिथे ते नवे वाचन पाठवले. एका घरातून उत्तर आले, ‘बाईंची तब्येत सुधारली वाटते.’

बाईंचा आवाज कापतो, हे खरे. पण तो कापरा आवाज कळत होता. खोली कळू देत नव्हती. यावरून आमचे एक ठाम मत झाले आहे आणि ते सर्व धर्मग्रामांतल्या कार्यकर्त्यांपुढे ठेवावेसे वाटते. रेकॉर्डिंग वाईट आले तर आधी खोली तपासा, मग अंतर, मग यंत्र, आणि माणूस सर्वांत शेवटी. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो. आधी माणूस बदलतात, मग महागडा मायक्रोफोन आणतात, आणि खोली तशीच राहते. चांगला मायक्रोफोन वाईट खोलीतला घुमाराही चांगलाच टिपतो.

आता कारण समजून घेऊ, म्हणजे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. आपण बोलतो तेव्हा फोनपर्यंत दोन आवाज जातात. एक थेट तोंडातून येणारा, दुसरा भिंती, फरशी, छत यांवर आपटून क्षणभर उशिरा येणारा. हा दुसरा आवाज पहिल्याच्या अंगावर पडतो आणि आधी पुसतो ती व्यंजनेच. खोलीभर पसरलेला हा घुमारा फोन कुठेही ठेवला तरी जवळजवळ तेवढाच राहतो. थेट आवाज मात्र अंतर निम्मे केले की साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणून फोन दोन विती लांब होता तो एका वितीवर आणला, की काही खर्च न करता थेट आवाज घुमाऱ्याच्या वर येतो. यापेक्षा मोठी सुधारणा कुठल्याही दुकानात मिळत नाही.

फार जवळही जाऊ नये. प, फ, भ म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत सुटतो आणि मायक्रोफोनवर धप्प असा आवाज होतो. मराठीत ख, घ, थ, ध, फ, भ अशी श्वासाची अक्षरे पुष्कळ आहेत, त्यामुळे आपल्याला याचा त्रास अधिक. फोन तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला, गालाच्या रेषेत ठेवावा. झोत सरळ निघून जातो, आवाज राहतो. बहुतेक फोनचा बोलण्याचा मायक्रोफोन खालच्या कडेला असतो. ती कडा आपल्याकडे हवी आणि त्यावर बोट नको.

गोधडी, गादी, सतरंजी, कपड्यांचे कपाट यांनी घुमारा शोषला जातो. जितके जाड तितके चांगले, पातळ पडद्याने फारसे काही होत नाही. मात्र एक गैरसमज नको. गोधडीने रस्त्यावरचा आवाज थांबत नाही. रिक्षा, कुकर, शेजारचा मिक्सर, आगगाडी यांच्यावर उपाय एकच, वेळ निवडणे. पहाटे साडेपाच ही आमच्या अनुभवाने उत्तम वेळ. गाव शांत असते आणि मनही. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंग जमत नाही, म्हणून जून ते सप्टेंबरसाठीची काही वाचने मे महिन्यातच करून ठेवावीत. फ्रिज बंद केला तर तो पुन्हा सुरू करायचे विसरायला होते. आपला चष्म्याचा डबा फ्रिजमध्ये ठेवा, उठताना आठवण होईल.

कॉलरला लावायचा साधा वायरचा मायक्रोफोन काही शे रुपयांत मिळतो. ज्यांना फोन समोर धरून वाचणे अवघड जाते त्यांना तो उपयोगी आहे. तो हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लावावा. पदर, बांगड्या, गळ्यातली साखळी त्याला घासू देऊ नये. फोन चार्जिंगला लावून रेकॉर्ड करू नये, कधी कधी बारीक गुणगुण येते. फोन विमान स्थितीत टाकावा. पाने उलटण्याचा आवाज टाळण्यासाठी उतारा एकाच मोठ्या अक्षरातल्या कागदावर लिहून घ्यावा. ही कामे घरातली शाळकरी मुलेही आनंदाने करतात.

सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता बसावे. या शांततेचे दोन उपयोग आहेत. पहिला, वाचणाऱ्याला मनात पवित्र आत्म्याची मदत मागता येते. दुसरा, खोलीची स्वतःची गुणगुण रेकॉर्ड होते आणि ती पुढे संगणकावर कामी येते. मग एक वाक्य नेहमीच्या जोरात वाचून पाहावे. मीटर असेल तर सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबावा. मीटरने शून्य गाठले की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही. हळू आलेला आवाज मात्र वाढवता येतो.

रेकॉर्डिंगनंतरच्या साफसफाईबद्दल आमचे मत कमीत कमी हात लावावा असे आहे. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. आधी ८० हर्ट्झच्या खालची घरघर काढावी, माणसाच्या बोलण्यातले त्याखाली जवळजवळ काही नसते. मग त्या दहा सेकंदांच्या शांततेचा नमुना देऊन मागची गुणगुण ६ ते १० डेसिबलने कमी करावी. मोह होतो तो इथे. अजून थोडे, अजून थोडे करत सगळी गुणगुण घालवायला गेलो की आवाज पाण्याखालून आल्यासारखा, पत्र्यासारखा होतो आणि पुन्हा बारीक व्यंजनेच मरतात. थोडी गुणगुण राहिली तर राहू द्यावी. श्वासही कापू नयेत. माणूस श्वास घेऊन बोलतो आणि ऐकणारा त्याच श्वासावर वाक्य तोडून समजून घेतो. शेवटी सगळ्या वाचनांची पातळी सारखी करावी, म्हणजे आजीला दर दोन मिनिटांनी आवाजाचे बटण शोधावे लागणार नाही. फाइल मोनो ठेवावी, एका माणसाच्या आवाजाला स्टिरिओची गरज नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती आणखी दाबली जात नाही.

आता दोन गोष्टी, ज्यांवर आमच्याकडे वाद होतात. एक म्हणजे एको. पुष्कळांना वाटते की एको घातला की आवाज देवळातल्यासारखा, पवित्र वाटतो. जुन्या दगडी चर्चमध्ये घुमणारे गायन सुंदर असते यात शंका नाही. पण ते संथ, लांब स्वरांचे गायन त्या घुमाऱ्यात शोभते. बोललेले गद्य त्यात विरघळून जाते. ज्या घुमाऱ्याला घालवायला आपण गोधडी बांधली, तोच बटण दाबून परत आणायचा, यात काय अर्थ? दुसरी गोष्ट मागचे संगीत. वाचनाखाली हळूवार कीबोर्ड वाजला की तरुणांना छान वाटते. ज्यांचे कान गेले आहेत त्यांच्यासाठी तो शब्दांवर टाकलेला पडदा असतो. संगीत हवेच असेल तर वाचनाच्या आधी आणि नंतर घाला, वाचनाखाली नको. प्रभू वादळात नव्हता, भूकंपात नव्हता, अग्नीत नव्हता आणि एलियाला तो मंद वाणीत भेटला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मंद वाणी ऐकू यायची असेल तर बाकीचे शांत करावे लागते.

संगणकाने वाचण्याच्या सूचनेबद्दलही बोलले पाहिजे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते एरवी अशा आवाजावर वृत्तपत्र ऐकतात, त्याला आमचा विरोध नाही. पण धर्मग्रामाचे वाचन ही केवळ माहिती नाही. अंथरुणावरच्या माणसाला ओळखीचा आवाज ऐकू येतो तेव्हा त्याला कळते की मंडळी आपल्याला विसरलेली नाही. बाई ज्यांच्यासाठी वाचतात त्यांतल्या काहींना त्यांनी बाराखडी शिकवली आहे. ते नाते यंत्राला वाचता येणार नाही. अर्थात, हेही लक्षात असू द्या की रेकॉर्डिंग म्हणजे भेट नव्हे आणि ख्रिस्तशरीर फोनवरून पाठवता येत नाही. वाचन पाठवले म्हणून आजाऱ्यांच्या घरी जाणे थांबले, तर आपण तोट्यात गेलो.

एक शेवटची विनंती. मूळ, न साफ केलेली फाइल पुसून टाकू नका. नाव, तारीख आणि उतारा लिहून जपून ठेवा. आमच्याकडे वाचणारी काही माणसे आज प्रभूच्या घरी आहेत. त्यांच्या मुलांनी नंतर येऊन तो आवाज मागितला आहे. तेव्हा कोणी विचारत नाही की मागे पंखा होता का. पण शब्द कळावेत, हे त्यांनाही हवेच असते. आज गोधडी बांधायला लागणारी पाच मिनिटे उद्या एखाद्या लेकीला तिच्या आईचे शब्द स्वच्छ ऐकवतील.

तेव्हा या आठवड्यात वाचणाऱ्या प्रत्येकाने निदान तीन गोष्टी कराव्यात. पंखा बंद, कपाट उघडे, फोन एक वीत अंतरावर. आणि रेकॉर्डिंग पाठवण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ऐकवून विचारावे, काय कळले ते सांगा. ‘छान झाले’ हे उत्तर स्वीकारू नका. त्यांनी उतारा आपल्या शब्दांत सांगितला, तरच तो पाठवा. ज्या तरुणांना फोन आणि संगणक सहज जमतात त्यांनी आपल्या वस्तीतल्या एका वाचकाच्या घरी जावे आणि खोली नीट लावून द्यावी. एवढे काम कुणालाही जमण्यासारखे आहे.

हे प्रभू येशू, तू बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेलेस, त्याच्या कानांना स्पर्श केलास आणि ते मोकळे केलेस. जे आज घरी पडून तुझे वचन ऐकतात त्यांचे कान आणि मन मोकळे कर. जे वाचतात त्यांच्या थकलेल्या आवाजाला बळ दे. आणि आमच्या निष्काळजीपणामुळे तुझा एकही शब्द कुणाच्या वाट्याला यायचा राहू नये, एवढी काळजी घेण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.